फौजेतून गावात येऊन धंदा टाकायचा आहे, ४५ लाख हातात आहेत, तर कुठून सुरुवात करावी?

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या एका हवालदार भाऊनं विचारलं आहे. ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेइकल मेकॅनिक, २४ वर्षं सर्व्हिस, पुढच्या जुलैत पेन्शनीवर येऊन राहिले, ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, लीव्ह एन्कॅशमेंट अन् कम्युटेशन (पेन्शनीचा हिस्सा विकून एकरकमी मिळणारा पैसा) मिळून ४५ लाखाच्या आसपास हातात येईल म्हणतात. मेव्हणा म्हणतो कृषी केंद्र टाकू, मित्र म्हणतो जेसीबी घेऊ, अन् घरून वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात काहीच नको, बँकेत एफडी करा अन् गुमान वावर पाहा. काय करू?

मीही फौजेतूनच आलो, दारव्ह्याकडे औजारं-इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप अन् सोबत मिनी दाल मिल आहे. आजूबाजूच्या बऱ्याच फौजी मंडळींना धंदे टाकताना पाहिलं अन् ते धंदे बंद पडतानाही पाहिले, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

वहिनी अर्ध्या बरोबर आहेत, आधी तेवढं मान्य करा. पेन्शनीला धंद्याचा हात लागू द्यायचा नाही, ती घराचा पगार आहे असं समजा, किराणा, पोरांची फी, लाईट बिल, सगळं त्यातून. धंद्याचं खातं वेगळ्या बँकेत काढा. एका खात्यात दोन्ही ठेवलं की तूर घेताना पोरीची फी त्यात जाते अन् पोरीची फी भरताना तूर विकावी लागते, अन् धंदा बुडून राहिला का घर खाऊन राहिलं हे कोणालाच कळत नाही.

पण नुसती एफडी करून बसा म्हणणं मला पटत नाही, अन् त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. आपल्या भागात पैसा कोण कमावतो ते पाहा. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, दिवाळी तोंडावर, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, म्हणून शेतकरी कट्टे भरले की त्याच आठवड्यात बाजार समितीत नेतो अन् हर्रासात, म्हणजे लिलावात, जो भाव निघेल त्यात देऊन टाकतो. कमावतो तो, ज्याला थांबता येतं. अन् थांबता कोणाला येतं, ज्याच्या घरची चूल त्या मालावर पेटत नाही त्याला. गावात एक तारखेला न चुकता पैसे येणारी माणसं मोजा, मास्तर, ग्रामसेवक, तलाठी अन् तुम्ही, अन् त्यातल्या नोकरीवाल्यांना धंदा करायची परवानगीच नाही. म्हणजे थांबायची ताकद अन् धंदा करायची मोकळीक दोन्ही असलेला माणूस गावात बहुतेक माजी सैनिकच उरतो. तुमचे ४५ लाख ही तुमची ताकद नाहीच, तेवढे तर समृद्धी महामार्गात वावर गेलेल्या माणसाकडेही आले होते. ताकद महिन्याच्या पेन्शनीची आहे. म्हणून ज्या धंद्यात थांबणाऱ्याला फायदा मिळतो तो तुमचा, अन् ज्यात दुसरा तुम्हाला थांबवतो तो तुमचा नाही.

आता मेव्हण्याचं कृषी केंद्र या हिशेबात बसवून पाहा. पहिलं म्हणजे लायसनला शिक्षण लागतं, कृषी पदवी किंवा पदविका, नाहीतर खत-औषध विक्रेत्यांसाठीचा वर्षभराचा तो देसी नावाचा कोर्स करावा लागतो, म्हणजे लायसन दुसऱ्याच्या नावानं अन् पैसा तुमचा, इथूनच गडबड सुरू. मग मे-जूनमध्ये बियाणं-खत रोखीनं उचलायचं, युरिया पाहिजे तर त्याच्यासोबत न खपणारा माल घ्यायला लावतात, त्याला लिंकिंग म्हणतात, ते घ्यायचं, अन् विकायचं सगळं उधार. वसुली सोयाबीन निघाल्यावर, नाहीतर कापूस वेचल्यावर, अन् पाऊस दगा देऊन गेला तर पुढच्या वर्षी. मुदत संपलेल्या औषधाच्या बाटल्या वेगळ्या. अन् फौजी दुकानदाराची एक वेगळीच पंचाईत असते, त्याची पेन्शनच त्याच्या वसुलीच्या आड येते. मागायला गेलं की माणूस ओट्यावर बसवतो, चहा पाजतो अन् म्हणतो, "तुमाले काय कमी हाय मेजर, पेन्शन त येऊनच राह्यली, माही सोयाबीन निंगू द्या, मंग देतो." तो काही वाईट माणूस नाही, त्याच्याकडे खरंच नसतात. पण जो तगादा लावतो त्याला आधी देतो, अन् तुमचं नाव शेवटी. गावाकडे फौजीला सगळे मेजर म्हणतात, शिपाई म्हणून निघाला असला तरी, अन् मेजरनं पाचशे रुपयासाठी दारात उभं राहणं त्या मेजरलाच बरं वाटत नाही, हेही खरं.

जेसीबीचं थोडक्यात सांगतो. तीसेक लाखाच्या वरचं यंत्र, हप्ता दर महिन्याला, काम मात्र पावसाळ्यात जवळपास बंद, अन् ग्रामपंचायतीच्या किंवा ठेकेदाराच्या कामाचं बिल कधी निघेल ते त्यांनाच माहीत नसतं. ऑपरेटर चांगला मिळाला तर ठीक, नाहीतर डिझेल कुठं जातं त्याचा पत्ता लागत नाही. इथं हप्ता तुमच्यासाठी थांबत नाही अन् बिल तुम्हाला थांबवतं. ज्याची आधीच ठेकेदारीत ओळख आहे त्यानं घ्यावा, तुम्ही २४ वर्षं बाहेर होता, तुमची ओळख कोणाशी.

मग करायचं काय. तुम्ही प्रश्नात एका ओळीत सांगून सोडून दिलं, व्हेइकल मेकॅनिक. अहो तुमच्या हातात ट्रेड आहे, तो सोडून काउंटरवर कायले बसता? सोयाबीन काढणीचे पंधरा-वीस दिवस आठवा. गंजी लागलेली आहे, आभाळ भरून आलं आहे, अन् थ्रेशरची बेअरिंग गेली. त्या वेळी शेतकरी भाव करत नाही अन् उधारही मागत नाही, मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन जातो अन् काम झालं की खिशातून नोटा काढून देतो, कारण पाऊस आला तर गंजी काळी पडेल अन् ते नुकसान तुमच्या मजुरीच्या कितीतरी पट. त्या दिवसांत ज्याच्याकडे ६२०५, ६२०६ च्या बेअरिंगी, बी सेक्शनचे पट्टे, पुली, शाफ्ट घरात पडलेले आहेत अन् वेल्डिंग मशीन जनरेटरवर चालतं तो राजा. हे सामान कोण भरून ठेवू शकतो, ज्याला जूनमध्ये पैसे अडकवून ऑक्टोबरपर्यंत वाट पाहता येते तो. बाकीचे मिस्त्री गिऱ्हाईक आल्यावर वाशिमला नाहीतर कारंज्याला पार्ट आणायला पळतात. पाहा, इथं थांबायचा फायदा तुम्हाला मिळाला.

पण फौजेतलं वर्कशॉप अन् हे वर्कशॉप यात फरक आहे तो समजून या. तिथं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, टाकला की पार्ट येतो, आज नाही तर महिन्यानं, अन् गाडी उभी राहिली तर राहिली. तिथं पुस्तकाप्रमाणं बदलायचं शिकवलं, इथं शेतकरी म्हणतो बदलू नका, टाका मारा, एवढा हंगाम काढून द्या. दोन्हीत कुठं कोणाचं ऐकायचं हे कळायला एक हंगाम लागतो. स्टॅलियनवर, म्हणजे फौजेच्या ट्रकवर, वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसालाही ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक अन् रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स नवाच असतो. म्हणून पेन्शनीवर आल्यावर पहिला खरीप कोणाच्या तरी चालत्या गॅरेजमध्ये काम करा, आपल्या गावापासून दूर, मानोऱ्याला म्हणा, पुसदला म्हणा, पगार देईल तो घ्या, नाही दिला तरी चालेल. हवालदार होतो अन् आता पोराच्या हाताखाली पाना देऊ का, हा विचार येईल, येऊ द्या, दोन महिन्यांत जातो. माझ्या पाहण्यात जे फौजी धंद्यात टिकले त्यातल्या बहुतेकांनी आधी दुसऱ्याकडे काम केलेलं आहे.

वर्कशॉपला जोड म्हणून दाल मिल मला आवडते, अन् ती स्वतः चालवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आपल्याकडे गावोगावी आहे, बचत गटाच्या बायाही चालवतात, म्हणजे यंत्र काही अवघड नाही. पहिल्या वर्षी स्वतः तूर विकत घेऊच नका, फक्त जॉबवर्क करा. शेतकरी घरची तूर घेऊन येतो, वर्षभर खायला अन् मुंबई-पुण्याच्या पोरीला पाठवायला, तुम्ही भरडून द्यायची अन् किलोमागं मजुरी रोख घ्यायची. बाजार चढो का पडो तुम्हाला देणंघेणं नाही. चाळायची, पहिला घासा देऊन टरफलाला ओरखडे पाडायचे, तेल लावून ढीग झाकून ठेवायचा, उन्हात वाळवायची, पाणी मारून परत वाळवायची, मग मिलमध्ये. क्विंटलमागं ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुनी अन् टरफल, ते ढोरांसाठी विकलं जातं. ऊन बरोबर नसेल अन् घाई केली तर डाळीचे तुकडे होतात अन् गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरीकडे जातं. तूर दाताखाली धरून पाहायची, कट्ट आवाज करून फुटली तर वाळली, चेपली तर अजून एक दिवस. मीटर असतं, तरी आम्ही दातच लावतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःची तूर घ्यायला लागाल तेव्हा सावध. थांबायची ताकद आहे म्हणून सगळा माल दाबून ठेवायचा असं मी म्हणत नाही, तो सट्टा आहे. तुरीचं पाहा, २०२४ च्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजाराच्या आसपास होता, तेव्हा ज्यांनी भरून ठेवली त्यांना २०२५ च्या सुरुवातीला हमीभावाइतकेही, म्हणजे ७५५० सुद्धा बाजारात मिळेनात. बाहेरून आफ्रिका, म्यानमारची तूर बिनशुल्क येत होती. अन् त्याआधी जून २०२३ मध्ये सरकारनं तूर-उडीदावर साठ्याची मर्यादा घातली होती, तेव्हा जास्त ठेवणंही गुन्हा झाला. दिल्लीतला कागद कधी निघेल ते आपल्याला कळत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, पण दर महिन्याला थोडी थोडी डाळ करून विकत राहा, चढलं तरी विका, पडलं तरी विका, वर्षाची सरासरी चांगली पडते. भुंग्याचाही त्रास कमी होतो, आख्खी तूर ठेवली तर भुंगा पोखरतो.

विकणं ही मात्र आपली कच्ची बाजू, फौजी माणसाला विकता येत नाही, कारण त्यानं आयुष्यात काही विकलेलंच नसतं. ठोक किराणावाल्याकडे नमुना घेऊन जा. तो मूठभर डाळ घेईल, तळहातावर घासेल, एक दाणा चावेल, तुमच्याकडे न पाहता म्हणेल, "पॉलिश कमी हाय मेजर, तीन रुपये कमी लावा." यावर आपल्या लोकांच्या दोनच तऱ्हा मी पाहिल्या, एक चिडून नमुना उचलून निघून येतो, दुसरा लाजेपोटी तीन रुपये सोडून देतो. दोन्ही चूक. तो अपमान करून राहिला नाही, तो त्याचं काम करून राहिला. बसा, चहा घ्या, म्हणा पॉलिश नका पाहू, कुकरला लावून पाहा, उद्या फोन करतो. अन् उद्या खरंच फोन करा. एक रुपयावर तुटतं. पैसे मात्र माल उतरतानाच, फार झालं तर पुढचा माल नेताना मागचे, त्यापलीकडे एक दिवस नाही. डाळीच्या धंद्याला फूड लायसन (छोट्या धंद्याला नुसती नोंदणी) लागतं, अन् पॅकबंद विकायची असेल तर जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्या डाळीवर नाही, तो हिशेब आधी धरा.

आणखी एक, विजेचं. वावरातल्या शेतीच्या फीडरवर मिल चालवायचा विचार करू नका, तिथं थ्री फेज लाईट आठ-दहा तास, तीही पाळीनं कधी रात्री, अन् शेतीच्या कनेक्शनवर धंदा केला तर महावितरण दंड लावतं. जागा गावठाणात किंवा रोडला पाहा, भाड्याची चालेल, अन् औद्योगिक कनेक्शनचा अर्ज सगळ्यात आधी टाका, यंत्र नंतर.

पैशाचं आता. कम्युटेशन करू की नको असं बरेच जण विचारतात. आकड्यात पाहा, समजा बेसिक पेन्शन २४ हजार, ५० टक्के विकली तर १२ हजार महिन्याला कापले जातात १५ वर्षं, अन् तुमच्या वयाला वर्षाच्या रकमेच्या साधारण ९ पट मिळतात, म्हणजे १३ लाखाच्या घरात. कापले जातात एकूण २१ लाख ६० हजार. हे धरून चाला की साडेसात टक्क्यांच्या आसपासचं कर्ज झालं, महागाई भत्ता तरी पूर्ण बेसिकवर मिळत राहतो, अन् माणूस मधेच गेला तर फॅमिली पेन्शनीतून काही कापत नाहीत. बँक धंद्याला यापेक्षा महाग देते. म्हणून घ्यायला हरकत नाही, पण उरलेल्या पेन्शनीत घर चालतं का ते आधी वहिनींसोबत कागदावर मांडा, नसेल चालत तर कमी विका. ५० टक्के ही कमाल आहे, सक्ती नाही.

अन् हातात ४५ लाख असले तरी यंत्राला कर्जच काढा. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या सरकारी योजनेत, माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतो, ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी, स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. २० लाखाचा प्रकल्प असेल तर तुमचा १ लाख, सबसिडी ७ लाख, ती तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं पडून राहते अन् तेवढ्या कर्जाला व्याज लागत नाही. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, अन् युनिट नवीनच पाहिजे, म्हणजे मंजुरीआधी यंत्र घेऊन बसू नका. अर्ज ऑनलाईन, जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला हात जोडा. बँकेत चकरा होतील, मॅनेजर बदलेल, परत पहिल्यापासून सांगावं लागेल, सांगायचं. कर्जाचा अजून एक फायदा कोणी सांगत नाही, बँकेचा हप्ता सुरू आहे म्हटलं की हातउसने मागणारे नातेवाईक अर्धे कमी होतात. पेन्शनीचे पैसे आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत घरी जेवढे पाहुणे येतात तेवढे लग्नातही आले नसतील. ४५ पैकी १५ च्या वर पहिली तीन वर्षं धंद्यात जाऊ देऊ नका, अन् बंगला बांधायचं त्याच वर्षी काढू नका.

उधारी कोणाला द्यायची हा प्रश्न उरतोच, कारण गावात शंभर टक्के रोखीनं धंदा होत नाही. यात तुमचा अंदाज चालणार नाही. तुम्ही गाव पाहिलं ते सुटीत, सुटीवरच्या फौजीशी सगळे गोडच बोलतात. वहिनींनी इतकी वर्षं ते गाव एकट्यानं निभावलं, कोण घेतलेले परत करतो, कोणाच्या घरात दारू शिरली, कोणाचं वावर सावकाराकडे आहे, हे त्यांना तोंडपाठ. उधारीची वही त्यांच्या हातात द्या अन् त्यांनी नाही म्हटलं तर नाही. त्यांना एफडी का पाहिजे हेही त्या वहीतून तुम्हाला समजेल.

मजुरांबद्दल एवढंच, आवाज चढवायची सवय गेटवर सोडून या. तिथं माणूस कुठं जात नाही, इथं सकाळी ओरडलं की दुपारी तो दुसऱ्याच्या बंडीवर दिसतो. हजेरी, वेळ, औजारं जागच्या जागी, हे मात्र जसंच्या तसं आणा, गावातल्या धंद्यात ते कोणाकडेच नसतं अन् गिऱ्हाईकाला लगेच दिसतं.

कोणाचा भाचा-पुतण्या अग्निवीर म्हणून निघून राहिला असेल तर वरचं त्याला लागू नाही, हे मुद्दाम सांगतो. चार वर्षांनी सेवा निधीचे ११ लाख ७१ हजाराच्या आसपास मिळतात, पेन्शन नाही, म्हणजे थांबायची ताकदच नाही. त्यानं आधी नोकरीच्या मागं लागावं.

आता तुमच्याकडे जुलैपर्यंतचा वेळ आहे. डीजीआरचे, म्हणजे फौजींच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्याचे, रिसेटलमेंट कोर्स सर्व्हिसच्या शेवटच्या काळात करता येतात, जवानांना फी नाही, युनिटच्या क्लर्कला आजच विचारा, नाव वेळेत गेलं नाही तर राहून जातं. दाल मिलचं पाहायचं असेल तर करड्याचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे. यंदाची सुटी लग्नाच्या मे महिन्यात नका घेऊ, फेब्रुवारीत घ्या, तूर बाजारात येते तेव्हा. रोज सकाळी कारंज्याच्या बाजार समितीत जाऊन हर्रासात नुसतं उभं राहा, काही घेऊ नका, भाव कसा फुटतो अन् अडते कोणाला काय म्हणतात ते ऐका. दुपारून माझ्याकडे या, दारव्हा फार लांब नाही. अन् डिस्चार्ज बुक हातात आलं की पहिल्या आठवड्यातच वाशिमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र काढा, सबसिडीच्या अर्जाला माजी सैनिक असल्याचा पुरावा लागतो, तो नसेल तर फाईल तिथंच अडकून राहते.